साहेबाच्या होडीची सीट

भिलाईपासून समुद्र नेमका किती लांब आहे, हे मला आजही सांगता येणार नाही. पण समुद्रात चालवायच्या होडीची सीट मी भिलाईत बसून बनवली आहे, आणि तिचं नाव काढलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बायको म्हणते, इतकी वर्षं झाली, आता सोडा. मी सोडत नाही. सोडलं तर त्या साहेबाचं बरं होईल असं मला वाटतं, आणि त्याचं बरं व्हावं अशी माझी अजिबात इच्छा नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली होती आणि बाकीचा कारखाना अजून उभा राहत होता, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही नागपूरकडचे रेल्वेवाले. वडील दुर्ग लाइनवर रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते, त्यामुळे आम्हा दोघा भावांचं लहानपण रुळाकाठच्या क्वार्टरात गेलं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. भिलाईत शेड उभ्या करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत तो क्रेनवर लागला आणि पुढे त्यानेच मला तिथे चिकटवून घेतलं. ती कंपनी कधीच बुडाली, तेव्हा नाव सांगण्यात अर्थ नाही. कुरुद गावाच्या अंगाला तिचं यार्ड होतं, यार्डात छोटी फाउंड्री होती आणि फाउंड्रीत मी पॅटर्नमेकर होतो. ओतीव लोखंडाची कुठलीही वस्तू बनवायची तर आधी ती हुबेहूब लाकडात घडवावी लागते. ते लाकूड काळ्या वाळूत दाबायचं, काढून घ्यायचं, आणि वाळूत उमटलेल्या ठशात वितळलेलं लोखंड ओतायचं. त्या लाकडाला पॅटर्न म्हणतात. साधा सुतार आणि पॅटर्नवाला सुतार यांत फरक आहे, आणि तो फरक मी त्या वयात सगळ्यांना ऐकवत फिरत असे.

दादाची क्रेन साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी, जुनी, कुठूनतरी वापरून आणलेली. तिच्या केबिनमधली मूळची गादी केव्हाच कुजून गेली होती. त्या जागी कोणीतरी लोखंडी पत्रा ठोकून दिला होता. दादा त्यावर पोतं घडी करून टाकायचा. उन्हाळ्यात पोत्यातूनही पत्रा भाजायचा. उजव्या हाताला इंजिन आणि दांडे, समोर लोखंडाचं जंगल. त्यामुळे खाली लटकलेला माल बघायचा तर डाव्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढावं लागे. सकाळी चढला की संध्याकाळपर्यंत असाच. माल हलवताना जरा चुकलं तर खाली माल बांधायला उभ्या असलेल्या खलाशांपैकी, म्हणजे यार्डातल्या मजुरांपैकी, कोणाचं तरी डोकं जायचं. दादाच्या हातून कधी कोणाला ओरखडाही आला नाही. यार्डात त्याला मान होता. त्याला तो मान फार प्रिय होता, आणि घरी वहिनी आणि दोन पोरी त्या क्रेनवरच जेवत होत्या.

तो घरी यायचा तो वाकून. वहिनी तेल गरम करून पाठ चोळायची. मी एकदा म्हटलं, "दादा, डिस्पेन्सरीत दाखवून ये ना."

"येडा झाला का बे? दुखते म्हनून कोनाले सांगू नको. क्रेनवरचा मानूस दुखते म्हनला का खाली आला समज. वर चढाले दहा जन टपून बसले हायेत."

मी त्याला वचन दिलं की सांगणार नाही. पण सीट मागायला काय हरकत, म्हणून स्टोअरवाल्याकडे गेलो. म्हटलं, सागाची एक उरलेली फळी द्या, क्रेनसाठी बसायला काहीतरी बनवतो, माझ्या सुट्टीच्या दिवशी बनवतो. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची लेक मागायला आलोय. "पैटर्न की लकड़ी बैठने के लिए नहीं होती," म्हणाला. पुन्हा गेलो तर म्हणाला, क्रेनच्या ड्रॉइंगमध्ये लाकडी सीट नाही. अरे, ड्रॉइंगमध्ये पोतं तरी होतं का? पण त्याच्याशी कोण डोकं लावणार.

आणि मग ती होडी आली.

आमचा यार्ड साहेब म्हणजे यार्डचा मॅनेजर. त्याची एका परदेशी इंजिनियरशी दोस्ती होती. तो इंजिनियर मायदेशी परत जाताना आपली घडीची होडी याला देऊन गेला. लाकडी काठ्यांचा सांगाडा आणि वरून रबरी कापड, उघडली की दोन खाटांहून लांब, आणि रुंदीला इतकी चिंचोळी की माणूस आत बसत नाही, घुसतो. तिच्यात पाय लांब पसरून अगदी तळाशी बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. इंजिनियर म्हणे आपल्या गावच्या समुद्रात ती चालवायचा. इथे समुद्र नव्हता, म्हणून साहेबाने मरोद्याचा तलाव धरला. पण होडीची मूळची सीट मोडली होती, आणि साहेबाची कंबर पहिल्याच रविवारी धरली. कंबर धरली म्हणजे काय, एक दिवस लंगडला. त्या एका दिवसाच्या लंगडण्याने सगळं यार्ड हललं.

आधी त्याने ऑफिसच्या खुर्चीची गादी घालून पाहिली. ती पाणी पिऊन फुगली. मग जीपची सीट काढून आणवली. तिच्यावर बसल्यावर साहेब इतका उंच झाला की होडी किनाऱ्यालाच डोलायला लागली. मग कोणीतरी ट्रॅक्टरची लोखंडी सीट सुचवली, ती आकाराला बरी होती पण कापड फाडायला निघाली. या सगळ्या सोंगात दोन खलाशी आणि एक फिटर हातातलं काम सोडून साहेबाच्या मागे फिरत होते. शेवटी मला बोलावणं आलं.

खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं. रागावर नंतर येतो, आधी हे कबूल केलं पाहिजे. मी होडीत बसून पाहिलं, सांगाड्याची मापं घेतली, विचार केला. मऊ म्हणजे आरामशीर नाही, हे मला पाच मिनिटांत कळलं. गादीत माणूस रुततो आणि कंबर लोंबकळते. सीट हवी टणक, पण अंगाच्या आकाराची. दोन्ही बाजूंना बसायला खळगे हवेत, मांड्यांखाली किंचित चढ हवा, कमरेच्या खोलगट भागाला मागून आधार हवा, पाणी निघायला भोकं हवीत, आणि सगळं जितकं खाली ठेवता येईल तितकं खाली. हे मी साहेबाला सांगितलं तेव्हा तो खूश झाला. स्टोअरवाल्याने त्याच दुपारी सागाची अशी फळी काढून दिली की तिच्यात एक गाठ नव्हती. पॅटर्नचं लाकूड त्या दिवसापासून बसायला चालायला लागलं.

मी म्हटलं, "साहब, नाप नहीं लूँगा, ठप्पा लूँगा. रेत में बैठना पड़ेगा." आमची पद्धतच ती. मोल्डिंगची पेटी वाळूने भरून ठोकायची, माणसाने पाय पसरून तिच्यात नीट बसायचं, उठायचं, ठशात प्लास्टर ओतायचं. मग त्या प्लास्टरला गेरू फासून लाकडावर दाबायचं, जिथे लाल लागेल तिथे खरवडायचं, आणि लाल सगळीकडे सारखं लागेपर्यंत थांबायचं नाही.

साहेबाने पेटीतली काळी वाळू पाहिली, मग आपली पांढरी पँट पाहिली. "रेत में मैं बैठूँ?" असं म्हणून त्याने यार्डात नजर फिरवली. क्रेनवरून पाणी प्यायला दादा नुकताच खाली उतरला होता. "वह क्रेनवाला मेरी ही काठी का है. उसको बिठाओ."

तो माझा भाऊ आहे, हे साहेबाला माहीत नव्हतं. माहीत असण्याचं कारणही नव्हतं, आमची तोंडं त्याने कधी पाहिलीच नव्हती.

दादा पेटीत बसला तेव्हा सगळी फाउंड्री गोळा झाली. "आता काय माया बुडाचं लोखंड वतता का रे?" असं तो म्हणाला आणि सगळे खो खो हसले. तो उठल्यावर मी ठसा पाहिला. डावी बाजू उजवीपेक्षा अंगठाभर खोल. मला वाटलं, वाळू नीट ठोकली गेली नाही. पेटी रिकामी केली, नव्याने भरली, चहूकडून सारखी ठोकली आणि त्याला पुन्हा बसवलं. पुन्हा डावीकडे अंगठाभर.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. ठसा आहे तसा घ्यायचा, आपल्या मनाने सुधारायचा नाही. ज्याने मनाने सुधारला त्याचा पार्ट फेल जातो. मी तेच केलं. वाळूकडे बघितलं, प्लास्टरकडे बघितलं, गेरूकडे बघितलं. माझा सख्खा भाऊ माझ्या समोर उभा राहून पँट झटकत होता, त्याच्याकडे काही मी बघितलं नाही. सीट तयार झाली. हात फिरवला तर रेशमासारखी. सगळ्यांनी वाखाणली, आणि मी फुशारलो.

रविवारी होडी उचलून न्यायला खलाशांबरोबर मीही तलावावर गेलो. साहेबाची बायको होती, दोन-तीन पाहुणे होते, थर्मासमध्ये चहा होता. साहेब आत बसला. "वाह," म्हणाला. किनाऱ्यापासून दहा-बारा वल्ही गेला आणि डावीकडे कलला. सावरला. पुन्हा डावीकडे कलला. तिसऱ्यांदा होडीने त्याला अलगद पाण्यात ओतलं. पाणी छातीइतकंच होतं. साहेब शेवाळ्यासकट उभा राहिला आणि त्याने सगळ्यांदेखत माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. मी मुद्दाम केलं म्हणाला. यार्डातल्या लोकांनी पैज लावून केलं म्हणाला. चहा कोणी प्यायला नाही.

सोमवारी सकाळी मी सीट टेबलावर ठेवली आणि वर लेव्हल धरली. बुडबुडा एका कडेला जाऊन बसला. तेव्हा कुठे माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. मी दारात येऊन क्रेनकडे बघितलं. दादा केबिनमध्ये होता, डाव्या खिडकीतून बाहेर, डावा खांदा खाली. मग मला आठवलं की घरी जेवायलाही तो तसाच बसतो, एका कुल्ल्यावर, भिंतीला टेकून. आम्हाला वाटायचं, आरामात बसलाय. उभं राहताना तो तसाच राहतो, चालताना तसाच चालतो. त्या पत्र्याने माझा भाऊ वाकडा केला होता, आणि ते मला माणसावर दिसलं नाही, लाकडावर दिसलं.

माझं डोकं फिरलं. इतकं फिरलं की मी सीट काखेत मारून थेट साहेबाच्या ऑफिसात घुसलो. तो पुन्हा शिव्या द्यायला तोंड उघडणार इतक्यात मीच सुरू झालो. म्हटलं, ही सीट वाकडी नाही, हा माणूस वाकडा झालाय, आणि तो तुमच्या क्रेनवर वाकडा झालाय. तुम्हाला एक दिवस कंबर धरली तर साग निघाला. तो पत्र्यावर बसून रोज मरतो तर ड्रॉइंगमध्ये सीट नाही? त्याला रात्री झोप लागत नाही, त्याची बायको रोज तेल चोळते, सकाळी त्याला उठून उभं राहायला भिंत लागते! जे जे माहीत होतं ते सगळं मी ओकलो. दादाला दिलेलं वचन त्या वेळी मला आठवलंही नाही.

साहेब ओरडला नाही. पेन्सिल हातात घेऊन ऐकत राहिला. "कब से है?" त्याने विचारलं. मी म्हटलं, वर्ष तरी झालं असेल. "अच्छा किया बताया," तो म्हणाला.

मला वाटलं, मी जिंकलो. ऑफिसातून बाहेर पडताना मी अक्षरशः छाती काढून चाललो. अशा गाढवाला देवाने जीभ कशाला दिली, हे मी पुढे कितीदा तरी देवाला विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेनवर दुसराच माणूस होता. दादाला यार्डाच्या गेटवर बसवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायला. कारण असं की ज्याला इतकं दुखतं त्याच्या हाती क्रेन देणं खलाशांच्या जिवाला धोका आहे. त्यात खोटं काय होतं? काहीच नाही. म्हणून तर जास्त संताप आला. वर्षभर त्याच दुखत्या पाठीने त्याने त्यांचं लोखंड उचललं, तेव्हा धोका नव्हता. दुखणं अंगावर काढलं तोवर तो कंपनीचा हिरा होता. दुखणं कागदावर आलं आणि तो भंगार झाला.

घरी दादा माझ्याशी बोलला ते एकदाच. "तुले कावून एवढा जोर आला होता रे? मी मांगतलं होतं का काई तुले? माया तोंडाले कुलूप हाय म्हनून तू बोलाले गेला?"

"दादा, तुयाचसाठी गेलो मी."

"मायासाठी नाई. तुले राग आला म्हनून गेला. तुले राग आला का तुले लई बरं वाटते."

वहिनी मध्ये पडली नाही. ती त्या दिवशी माझं ताट वाढून निघून गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात मी माझा नाही, भावाचा दाखवला होता.

चार दिवसांनी साहेबाने मला पुन्हा बोलावलं. आवाज अगदी सभ्य. क्रेनच्या केबिनसाठी चांगली सीट बनव, लेव्हल लावून, वर काथ्याची गादी घाल, लाकूड लागेल तेवढं घे. आणि होडीची सीटही सरळ करून दे. मी तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. कानस त्याच्या टेबलावर आपटून निघून यायला हवं होतं. मनात तसं मी शंभरदा केलं. प्रत्यक्षात "जी साहब" म्हणालो. दोघांचीही रोजी गेली तर वहिनीच्या चुलीत काय घालणार, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण खरं कारण असं की साहेबासमोर उभं राहिल्यावर दुसऱ्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ऑफिसात घुसून ओरडणारा तो मी एकाच वेळेपुरता होतो.

क्रेनची सीट मी मनापासून बनवली. तिच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. नव्या माणसाने बसून पाहिलं आणि माझ्या पाया पडायचाच बाकी राहिला. डाव्या खिडकीशी कोपर टेकायला एक पट्टीही बसवली, म्हणजे वाकताना अंगाचा भार तिच्यावर जाईल. हे सगळं करायला मला दोन दिवस लागले. दोन दिवसांचं काम होतं ते. वर्षभर नाही म्हणाले ते दोन दिवसांच्या कामाला.

त्यानंतरच्या रविवारी यार्ड बंद होतं आणि दादा गेटवर एकटा होता. मी डबा घेऊन गेलो. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "चाल, मले पाहू दे कशी बनवली तू."

आम्ही क्रेनवर चढलो. त्याला चढायला वेळ लागला. तो सीटवर बसला. गादीवर हात फिरवला, दांड्यांवर हात ठेवले, सवयीने डावीकडे वाकून खाली पाहिलं. मग जरा सरकला. पुन्हा सरकला. डावा कुल्ला गादीवर टेकला तर उजवा अधांतरी राहत होता, आणि दोन्ही टेकवले की त्याचं तोंड कळवळून जात होतं. दोन मिनिटांत त्याच्या कपाळावर घाम आला.

"लई चांगली बनवली," तो म्हणाला. "पन मले नाई जमत. सरळ हाये ना हे."

दांड्यांवरचे हात काढून तो माझ्याकडे वळला.

"ते होडीवाली कुठी हाये? मायावरून काढली होती ते? ते मले दे. गेटवर स्टुलावर ठेवतो. त्याच्यावर बरं बसता येईन मले."

जगात त्याला बसता येईल अशी ती एकच सीट होती. बुधवारी मी तिची उजवी बाजू रंध्याने उतरवून सरळ केली होती, आणि त्या दिवशी सकाळीच, गेटवर यायच्या आधी, तलावावर जाऊन होडीत नीट बसवून दिली होती. पट्टे मी स्वतः आवळले होते. साहेबाने "अब ठीक है" म्हटलं तेव्हा मी मानही हलवली होती.

"फोडली मी ते," मी म्हटलं. "राग आला, कुऱ्हाडीनं फोडली अन् जाळून टाकली."

दादाने माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो हसला. "बरं केलं," म्हणाला. "त्याले कायले द्याची." मग माझ्या खांद्यावर भार टाकून तो एकेक पायरी उतरायला लागला.